दाजींची गाडी

आमली, सिल्वासा
७ डिसेंबर २०२५

चि. सोनूस,


तुझा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईकडे गेलो. गॅरेजवाल्याचा ४६,००० रुपयांचा कागद खिशात, हातात बॅटरी आणि लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर. ताई म्हणाली, आधी चहा घे. म्हटलं, चहा पोटात गेला की माणूस मवाळ होतो, आधी गाडी बघू दे.

फोनवर तू एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत होतीस: गाडी विकली तर ६०,००० सुद्धा यायचे नाहीत, मग तिच्यावर ४६,००० घालायचे का? अगं, विकायचा भाव विकणाऱ्याने बघावा. तुला ती विकायची आहे कुठे? ताईला महिन्यातून दोनदा सिव्हिलला न्यायला, तुला वापी स्टेशनवरून आणायला गाडी हवी. मग तेवढंच काम करणारी दुसरी गाडी कितीला पडते, ते बघ. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंस, तर महिन्याला साडेदहा हजारांच्या आसपास हप्ता बसेल. म्हणजे गॅरेजचं बिल साडेचार हप्त्यांच्याही आतलं. जुनी गाडी त्यात दोन वर्षं नीट चालली तर आपण जिंकलो.

आता त्या कागदाबद्दल. हेड गॅस्केट, रेडिएटर, क्लच सेट, दोन लोअर आर्म, चार टायर. टायर आणि क्लच बाजूला काढ, ते झिजण्याचेच पदार्थ आहेत, चपलेसारखे. खरी भीती हेड गॅस्केटची, कारण तिथे इंजिन उघडावं लागतं. मी डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घेतलं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. हे काळंच होतं, जुनं पण स्वच्छ. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतही साय नाही. गाडी सुरू केली, अर्धा तास तशीच ठेवली. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून हिरवट पाणी ठिबकत होतं आणि वरचा होज पापडासारखा कडक झाला होता. दिवाळीत दादऱ्याच्या पुढे तापमानाचा काटा वर गेला तो यामुळे. तू लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलंस, ते फार शहाणपणाचं केलंस. कॉम्प्रेशन तपासून घेतलं, चारही... नाही, तीनही सिलिंडर सारखे आले. (माझ्या डोक्यात अजून जुन्या गाड्यांचे चार सिलिंडर बसलेत.) थोडक्यात, ४६,००० चे १९,००० झाले. गॅरेजवाला लुच्चाच असेल असं नाही. गाडी तापली म्हटलं की बरेच जण आधी हेडवर बोट ठेवतात.

इथवर मी तुला ‘दुरुस्त कर’ असंच लिहिणार होतो. मग मॅट उचलली.

डाव्या बाजूच्या सीटखालचं फेल्ट हाताला ओलं लागलं. डिसेंबरात! काचेच्या खाली वायपरजवळ पाणी वाहून जायला भोकं असतात, ती आंब्याच्या पानांनी गच्च बुजलेली. तीन पावसाळे गाडी त्या आंब्याखाली उभी. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ते पाणी बाहेर जायचं सोडून आत मुरत राहिलं. दाराखालच्या पट्टीवर, मिस्त्री ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात तिथे, रंग फुगला होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. उजवीकडे टणटण वाजलं, डावीकडे थपथप. टोक लावून जरा दाबलं तर दोन इंच आत गेलं आणि जमिनीवर तपकिरी पापुद्र्यांचा सडा पडला. जॅक लावायची जागा बोटाने वाकत होती. मागच्या एक्सलचा आर्म जिथे बोल्टने धरलेला असतो, तिथेही पत्रा कुरतडल्यासारखा झालाय.

तू म्हणशील, मुंबईत पद्मिनी टॅक्सी वीस-वीस वर्षं धावल्या, शेवटच्या तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेने थांबवल्या. धावल्या, कारण रोज धावत होत्या आणि रोज कुणाचा तरी हात फिरत होता. आपली गाडी बसून गेली. खानवेल-दुधनीच्या रस्त्यावर जुन्या जीप बघितल्या असशील, दार दोरीने बांधलेलं, तरी माणसं भरून घाट चढतात. त्यांच्याखाली वेगळी जाड चासी असते, वरचा पत्रा सडला तरी चालतं. छोट्या गाडीला तसं काही नसतं. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. धडक बसली तर तोच आधी चुरगळून माणसाला वाचवतो.

वेल्डिंगने पॅच मारता येतो, वरून काळा अंडरकोट फासला की दिसतही नाही. पंचवीस-तीस हजारांत कुणीही करून देईल. पण गंज पॅचच्या कडेने पुढे सरकतो, आणि मी स्वतः एकदा या पॅचच्या नादात फसलोय.

यार्नच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट. टेक्श्चरायझिंगला हवेचा दाब लागतोच, आणि आमचा एक कॉम्प्रेसर माझा फार लाडका. मीच बसवलेला. त्याच्या क्रँककेसला तडा गेला, तो मी शिवून घेतला. सहा महिन्यांनी बेअरिंग गेलं. मग शाफ्ट. दर वेळी मॅनेजरपुढे कागद ठेवायचो: साहेब, नव्याच्या किमतीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. खरंच नसायचा. वर्षअखेरीला स्टोअरच्या माणसाने सगळ्या चिठ्ठ्या एकत्र टाचून माझ्या टेबलावर ठेवल्या, वर मशीन बंद राहिलेल्या तासांचा आकडा. तो आकडा बघून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. बेअरिंग मी किती वेळा बदललं याला महत्त्व नव्हतं. तडा गेलेल्या केसमध्ये कुठलंच बेअरिंग सरळ बसत नव्हतं. दुकानात मिळतं ते खराब झालं तर बिघाड म्हणायचं. जे दुकानात मिळत नाही ते गेलं, तर बिलाची रक्कम बघायचीच नाही.

तेव्हा माझं मत, गाडी मोडीत काढ. रेडिएटरसुद्धा बदलू नकोस.

जुन्या गाड्या बंद करायचा तू वाचलेला दहा-पंधरा वर्षांचा नियम दिल्ली आणि आसपासचा. तो २०१५ साली हरित लवादाने घातला. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी कुणी ओढून नेत नाही. फिटनेस करून, ५,००० रुपये फी भरून आरसी आणखी पाच वर्षं वाढवता येते. आपली येत्या फेब्रुवारीत संपते. पण या पत्र्यावर फिटनेस मिळाला, तरी त्या गाडीत मी ताईला बसू देणार नाही. पुण्याला नेऊन वापरण्याचाही विचार सोड. बारा महिन्यांच्या वर तिथे ठेवलीस तर डीएन-०९ चा नंबर बदलून घ्यावा लागेल, इथली एनओसी, तिथला टॅक्स, आणि पत्रा तसाच.

एका गोष्टीवरून मात्र तुम्हा दोघींना रागावणार आहे. आरसी अजून दाजींच्या नावावर! मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची असते. इथे पावणेतीन वर्षं होत आली. विमाही त्यांच्याच नावाचा. दिवाळीत तू त्या गाडीने वापीला गेलीस. कुणाला लागलं असतं तर विम्याच्या माणसापुढे काय ठेवलं असतंस? आता गाडी मोडीत काढायलाही हेच कागद आधी लागतील: मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, तुझं ना-हरकत. ताईला मी आरटीओत घेऊन जातो, उशिराचं काय भरायचं ते भरू.

आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला द्यायची नाही. परवा तो फाटकाशी येऊन गेला, वीस हजार रोख म्हणाला, ताईचं मन हललंसुद्धा. तो गाडी नेईल, पण सरकारी दप्तरात गाडी आपल्याच नावावर जिवंत राहील. उद्या तिचा नंबर किंवा चासी दुसऱ्या कुठल्या गाडीला लागली, तर पोलीस ताईच्या दारात. २०२१ पासून सरकारमान्य स्क्रॅप केंद्रांची सोय झालीय. तिथे गाडी दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि नोंदणी रद्द होण्याचा मार्ग मोकळा होतो. पुढे नवी गाडी घेशील तेव्हा ते दाखवलं की नोंदणी फी माफ, आणि रोड टॅक्समध्ये राज्य देईल तशी सूट, खासगी गाडीला जास्तीत जास्त २५ टक्के. दोन-चार हजार कमी मिळाले तरी चालतील.

पुढची गाडी लगेच घेऊ नकोस. सहा महिने ताईला रिक्षा आणि गरज पडेल तेव्हा भाड्याची गाडी, असं चालवून बघा. खर्च वहीत लिहायला मी सांगितलंय. घ्यायचीच ठरली तर आधी शेडचे पत्रे टाक, गाडी नंतर.

वहीवरून आठवलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात दाजींची पेट्रोलची वही सापडली. तारीख, किलोमीटर, लिटर, सरासरी, सगळं निळ्या शाईत. २०११ ची पहिली नोंद सरासरी १८, नंतरच्या वर्षांत १५ वर आलेली, त्यापुढे कंसात ‘टायर हवा?’ शेवटची नोंद १४ जानेवारी २०२३, २२ लिटर, खाली ‘तिळगूळ अर्धा किलो’. ओल लागून पानं चिकटली होती. मी उन्हात एकेक सोडवून वाळवली. ताईला अजून दाखवली नाही. तू आलीस की दोघी मिळून बघा.

दुसरी किल्ली बहुतेक तुझ्याकडे आहे. कुरियरने पाठवू नकोस, येताना घेऊन ये.

तुझा,
मामा