काचेच्या पेटीतला मामा तलाव

चंद्रपुरात मार्च सरता सरता माळ्यावरचे कुलर खाली उतरतात, त्यांच्या जाळ्यांत नवी खस भरली जाते. अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर प्रस्तुत लेखकाने दोन फुटी मत्स्यपेटी घरी आणली. लांबी 60, रुंदी 30, उंची 30 सेंटिमीटर. गुणाकार केला तर 54 लिटर. पण वाळू, दगड आणि वरची चार बोटं रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्षात पाणी राहतं जेमतेम चाळीस लिटर. ही वजाबाकी लेखकाने केली नाही. ती पुढे महागात पडली.

पेटी ठेवली खिडकीत, झाडांना ऊन मिळावं म्हणून. शिवाय संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत एलईडी. महिनाभरात शेवाळामुळे काचेतून पलीकडचं दिसेना. त्याहून चिवट प्रकार अनुबियाजच्या पानांवर होता. हे झाड सावकाश वाढतं, एकेक पान वर्षभर टिकतं, आणि अशा म्हाताऱ्या पानांच्या कडेलाच काळी मिशी फुटते. नखाने खरवडली तर पान फाटतं, मिशी हलत नाही. गंमत म्हणजे हे शेवाळ काळं दिसत असलं तरी आहे लाल शैवालांच्या कुळातलं. तोडलेलं पान स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, मिशी लालसर होते.

दुकानातून शेवाळ मारण्याच्या औषधाची बाटली आली. मात्रा मोजली 54 लिटरची. दुसऱ्या दिवशी तंतू पांढरे पडले, लेखक खूश. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळे गप्पी मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते आणि गोगलगायी तळाशी उताण्या. अशा औषधांत बऱ्याचदा तांबं असतं. गोगलगायी आणि झिंग्यांना ते विषच. शिवाय मेलेलं शेवाळ कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मे महिन्यात तो आधीच कमी: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम विरघळतो, 35 अंशांना सातच्या आसपास. बाहेर पारा 46च्या घरात आणि त्यात भरदुपारी वीज गेली, म्हणजे पंप बंद. पुढचं सांगायला नको.

शहाणपण होतं गोंदिया जिल्ह्यात. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतले माजी मालगुजारी तलाव, बोलीतले मामा तलाव, गाळाने आणि बेशरमीच्या झुडपांनी भरत गेले, आतल्या पाणवनस्पती संपल्या, तशी मासळीही घटली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पतिराम तुमसरे आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या त्यांच्या सोबत्यांनी, अभ्यासक मनीष राजनकरांच्या साथीने, बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाळ्यात हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशा वनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे परतले. पाण्यात औषध कोणी ओतलं नव्हतं.

चाळीस लिटरांतही तेच चाललं. पेटी खिडकीतून आतल्या भिंतीशी गेली, दिव्याला टायमर लागला: रोज सहा तास, एक मिनिटही जास्त नाही. काळी पानं देठापासून कापली. त्यांना वाचवत बसण्यात अर्थ नसतो. मोकळ्या जागेत हायड्रिला आणि सेराटोफायलम दाटीने लावलं. झपाट्याने वाढणारी ही झाडं माशांच्या विष्ठेतलं नत्र शेवाळाच्या आधी गट्ट करतात. ती कापून बाहेर टाकली की नत्रही पेटीबाहेर जातं. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं, खाणं एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

विदर्भातल्यांसाठी एक वेगळी सूचना. पाणी थंड ठेवायला पेटीवर छोटा पंखा लावतात; दोनेक अंश उतरतातही. पण पाणी झपाट्याने उडतं आणि आपण त्यावर बोअरवेलचं ओतत राहतो. क्षार मागेच राहतात, आठवड्यागणिक वाढतात. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हे लेखकाला दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं.

झाडं गावतलावातून आणायची तर विचारून आणावीत. ताडोब्यातून मात्र काडीही उचलू नये, 1972चा वन्यजीव कायदा आडवा येतो. आणलेली झाडं पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. चतुराची एक अळी आत शिरली तर गप्पीची पिल्लं उरत नाहीत.

आणि शेवाळ खाईल म्हणून दुकानदार हातात देतो तो ‘सकर’ मासा घेऊ नका. बोटाएवढा दिसतो, वाढतो फुटापेक्षा जास्त. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि आंध्रातल्या नद्यांत त्याने मच्छीमारांना जेरीस आणलं आहे. घरात आलाच असेल तर दुकानात परत करा. इरईत, वैनगंगेत किंवा गावच्या मामा तलावात सोडू नका.