याकूब (अ.) यांचे अश्रू आणि स्रेब्रेनित्साच्या माता

सूरह यूसुफचे पठण आपण अनेकदा केले असेल. तिच्या ८४ व्या आयतीपाशी आज थोडे थांबू या. पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे पडले, असे तेथे सांगितले आहे. ते अल्लाहचे प्रेषित होते. आदल्याच आयतीत त्यांच्या मुखी 'सब्रे जमील', म्हणजे सुंदर संयम, हे शब्द आहेत. तरीही मनाच्या जखमेने शरीराची दृष्टी हिरावली. दुःखाने आजारी पडणे म्हणजे ईमानची उणीव नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

ही आयत बोस्नियाच्या अनेक मातांना आपलीच वाटावी. संयुक्त राष्ट्रसंघाने 'सुरक्षित क्षेत्र' घोषित केलेले स्रेब्रेनित्सा ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्ब सैन्याने जिंकले आणि पुढील काही दिवसांत ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष व मुलांची कत्तल केली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये हा वंशसंहार असल्याचे मान्य केले. युद्धातून वाचलेली कुटुंबे देशोदेशी वसली. सेंट लुईस शहरात अमेरिकेतील सर्वांत मोठी बोस्नियन वस्ती उभी राहिली.

तेथे घर मिळाले, रोजगार मिळाला, मशिदीही उभ्या राहिल्या. पण दुःख मागे राहिले नाही. मारेकऱ्यांनी पुरावा लपवण्यासाठी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेते दुसरीकडे नेली होती. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडली आणि डीएनए तपासणीने त्यांची ओळख पटवावी लागली. सापडले तेवढे दफन करावे की उरलेल्याची वाट पाहावी, हे ठरवण्याची वेळ कित्येक कुटुंबांवर आली. अशा घरात शोकाला शेवट कोठून मिळणार?

असे आघात काळ लोटला म्हणून आपोआप भरून येत नाहीत. ख्मेर रूजच्या राजवटीत चाम मुस्लिमांसह लाखो लोक जेथे बळी गेले, त्या कंबोडियाचे उदाहरण पाहा. तेथून येऊन अमेरिकेतील लाँग बीच येथे वसलेल्या निर्वासितांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुनर्वसनाला दोन दशके उलटल्यावरही शंभरातील ६२ जणांमध्ये आघातोत्तर तणावाचा विकार आणि ५१ जणांमध्ये तीव्र नैराश्य आढळले. असा मनुष्य डॉक्टरकडे जातो तो बहुधा डोकेदुखी, छातीतील धडधड किंवा निद्रानाश घेऊन. दीर्घकाळच्या तणावाने रक्तदाब वाढतो, हृदय थकते. आणि मूळ व्यथा न सांगितलेलीच राहते.

ती का सांगितली जात नाही? ८५ वी आयत पाहा. पुत्रांनी याकूब (अ.) यांना बोल लावला, की यूसुफची आठवण काढता काढता तुम्ही आजारी पडाल, नाहीतर प्राण गमवाल. दुःखी माणसाला "किती रडणार? ईमान मजबूत करा" असे आपण सुनावतो, तेव्हा आपण त्या पुत्रांच्या रांगेत उभे असतो.

याकूब (अ.) यांनी मात्र दोन गोष्टी केल्या. आपली व्यथा अल्लाहपुढे मांडली आणि मुलांना सांगितले, की जा, शोध घ्या, अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका. म्हणजे दुआही आणि प्रयत्नही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचेही डोळे पुत्र इब्राहीम यांच्या निधनाच्या वेळी पाणावले होते आणि आजारावर उपचार घ्या, अशीच त्यांची शिकवण आहे. ती शरीराच्या आजाराला लागू आहे, तशीच मनाच्याही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हा तवक्कुलचा भंग नाही.

यूसुफ (अ.) यांचा सदरा आला आणि पित्याची दृष्टी परतली. स्रेब्रेनित्साच्या मातेकडे असा सदरा येणार नाही. तिला हवे आहे ऐकणारे माणूस, योग्य उपचार आणि सन्मानाने झालेली जनाजाची नमाज. आपल्या मोहल्ल्यातही कोणी असे मूक दुःख वाहत असेल. त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा.

अल्लाह सर्व पीडितांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांचा आधार बनवो. आमीन.