आजारी बालकाची शुश्रूषा

'शुश्रूषा' हा शब्द आपण 'सेवा' या अर्थीं वापरतों. परंतु त्याचा मूळ संस्कृत अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. मोठा माणूस आपलें दुखणें स्वतः सांगतो. लहान मुलाला तें साधत नाहीं. तें रडतें, तोंड फिरवितें किंवा निपचित पडून राहतें. हीच त्याची भाषा होय, व ती समजून घेणें हा बालशुश्रूषेचा पहिला पाठ होय.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत घेण्याचें कारण असें कीं, 'धाकटा भाऊ आजारी असल्यामुळें घरीं राहिलें' हें वाक्य रजेच्या चिठ्ठ्यांत वारंवार आढळतें. आईबाप कामावर गेले म्हणजे आजारी भावंडाजवळ बसण्याचें काम आठवी-नववींतील मुलींकडे, व क्वचित् मुलांकडेहि, येतें. अशा वेळीं नुसतें बसून राहणें निराळें आणि शुश्रूषा करणें निराळें. जुलाब, ताप व खोकला हीं तीन दुखणीं आपल्या नागपुरांत ऋतुमानाप्रमाणें घरोघर येतात. म्हणून त्यांचाच विचार येथें करूं.

प्रथम जुलाब. जुलाबांनीं मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. पाणी पाजलें तर जुलाब वाढतील, या समजुतीनें कित्येक घरांत मुलाला लंघन घडवितात. याहून घातक गोष्ट नाहीं. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धकाळांत बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांत पटकीची सांथ पसरली. शिरेवाटे द्यावयाचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें पिंपांत भरून ठेविलें आणि पाजण्याचें काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोंपविलें. जेथें शेंकडा तीसपर्यंत रुग्ण मरत होते, तेथें हें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. औषध साधें होतें. पण तें पेल्यापेल्यानें पाजणारा आप्त जवळ बसलेला होता, हें विसरतां कामा नये.

आज हेंच मिश्रण ओआरएस अथवा जलसंजीवनी या नांवानें मिळतें. पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यांत सर्व पूड एकदम मिसळावी. अर्धी आज, अर्धी उद्यां असें करूं नये. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, व त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्यानें पाजावें. ओकारी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावें. अंगावरचें दूध मुळींच तोडूं नये. मोठ्या मुलाला पेज, वरणाचें पाणी, मऊ भात द्यावा. डॉक्टरांनीं दिलेल्या जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी पुऱ्या चौदा दिवस द्याव्या. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीनें उचलून सोडली असतां सावकाश बसली, लघवी फार कमी झाली, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर दवाखाना गांठावा.

दुसरें ताप. तापलेल्या मुलाला गोधड्यांत गुंडाळणें किंवा बर्फाच्या पाण्यानें पुसणें, हीं दोन्ही टोकें टाळावीं. अंगावर पातळ कपडे ठेवावे, खोलींत वारा खेळूं द्यावा, वरचेवर पाणी पाजावें. फार ताप असून मूल बेचैन असेल तर कोमट पाण्यानें अंग पुसावें. पॅरासिटामॉल द्यावयाचें तें मुलाच्या वजनाप्रमाणें डॉक्टरांनीं ठरविलेल्या मापानेंच; ॲस्पिरिन मुलाला देऊं नये. तापांत झटका आला तर मुलाला कुशीवर निजवावें व घड्याळ पाहावें. दांतांत चमचा घालणें, कांदा हुंगविणें किंवा तोंडांत पाणी ओतणें यांनीं अपायच होतो. झटका थांबला तरी डॉक्टरांना दाखवावें. दोन महिन्यांच्या आंतील बालकाला ताप आला तर घरगुती उपाय करीत न बसतां त्याच दिवशीं इस्पितळांत न्यावें. पावसाळ्यांत व त्यानंतर हिंवताप व डेंग्यू यांचा संभव असतो; म्हणून दोन दिवसांत ताप न उतरल्यास रक्त तपासून घ्यावें.

तिसरा खोकला. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात; त्यांतून न्युमोनिया ओळखून काढणें हें खरें काम. त्याला यंत्र लागत नाहीं. घड्याळ व डोळे पुरतात. मूल शांत असतां त्याच्या छातीवरचें कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांखालीं ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, व पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर न्युमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, ज्याला बोलींत 'पोट उडणें' म्हणतात, तर क्षणाचाहि विलंब लावूं नये. एक वर्षाच्या आंतील मुलाला खोकल्यासाठीं मध चाटवूं नये. तसेंच छातीपोटावर डागणें हा उपचार नव्हे, तो केवळ छळ होय.

श्वास मोजण्यानें काय साधतें हें आपल्या विदर्भानेंच जगाला दाखविलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील आरोग्यसेवक व सुइणी यांना न्युमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविलें. ज्यांना पन्नासपर्यंत आंकडे येत नव्हते अशांसाठीं एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ व मणी यांचें साधन केलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत, जेथें ही व्यवस्था नव्हती त्या गांवांत पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्युमोनियाचे मृत्यू १७.५ होते, तर जेथें ती होती तेथें ८.१. निरक्षर सुईण जें करूं शकली, तें शाळेंत गणित शिकणाऱ्या तुम्हांस अवघड कां वाटावें?

आतां चार धोक्याच्या खुणा पाठ करा: मूल कांहींच पीत नाहीं, घेतलेलें सर्व ओकतें, त्याला झटके येतात, तें सुस्त वा बेशुद्ध आहे. यांपैकीं एकहि दिसली तर आईबापांची वाट पाहत बसूं नका. शेजाऱ्यांना हांक मारा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अशा वेळीं मोठ्यांना न विचारतां केलेल्या धांवपळीबद्दल कोणी रागावणार नाहीं.

एरवीं जवळ एक वही ठेवा. कितीदां जुलाब झाले, लघवी केव्हां झाली, ताप किती, श्वास किती, काय प्यालें, कोणतें औषध केव्हां दिलें, हें वेळेसह लिहा. संध्याकाळीं दमूनभागून आलेल्या आईला 'बरा आहे' एवढेंच सांगण्यापेक्षां ही वही तिच्या हातीं द्या. डॉक्टरांनाहि ती उपयोगी पडते. दुखणें उतरल्यावरहि दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण अधिक द्या, म्हणजे झालेली झीज भरून निघेल.

तुमच्यापैकीं कोणाच्या वहीमुळें एखादें मूल वेळेवर इस्पितळांत पोंचलें, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.