कादंबरीतील गर्दी आणि हजेरीपट

आपल्या वस्तीची कथा कादंबरीरूपाने लिहावी, ही इच्छा समाजातील अनेक तरुणांच्या मनात असते. लेखणी हाती घेतल्यावर पहिली अडचण येते ती माणसांच्या संख्येची. आजी, चुलते, कोतवाल, बिडी कारखान्यातील मजूर, मास्तर! तिसऱ्या प्रकरणापर्यंत पंचवीस नावे होतात आणि वाचक मागची पाने चाळू लागतो. मग लेखक नावे गाळतो व उरलेल्यांचा 'जमाव' करून टाकतो. ही वजाबाकी आम्हांस साधी वाटत नाही. ज्यांची नोंद दप्तरांनी बहुधा आकड्यांतच केली, ते आपल्याही पुस्तकात निनावी राहावेत काय?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या दृष्टीने पुन्हा वाचावी. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. त्यास कोणीच ठाऊक नाही, वाचकासही नाही. कारभारी, त्याची मुलगी अंजी, भांडखोर दादू बालट्या, आयबू ही माणसे मास्तरास भेटतात त्याच क्रमाने आपल्याला भेटतात. यादी म्हणून कोणी पुढे उभी करीत नाही. शेकूजवळ एकच बैल असतो, तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जुवाला खांदा देते. तिचे नाव वाचकाच्या लक्षात राहो वा न राहो, ती राहते. ओळख नावाने होत नाही, कृतीने होते. नाक-डोळ्यांची पानभर वर्णने हे काम करीत नाहीत.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीची वाट निराळी आहे. तेथे दोन पिढ्या आहेत, वैर आहे, बंड आहे. परंतु राणोजीने प्राण देऊन गावात आणलेली जोगणी हा सर्वांना बांधणारा धागा आहे. कोण कोणाच्या बाजूचा, हे त्यामुळे ध्यानात राहते.

आपल्या जिल्ह्यातील पवनीचे उदाहरण कादंबरीचे नाही, तरी ते टाळवत नाही. तेथे १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेल्या स्तूपाच्या शिळांवर दात्यांचे लेख आहेत. अशा दानलेखांची प्राचीन रीत मोठी मार्मिक आहे: नाव, आणि सोबत गाव, नाते किंवा धंदा यांपैकी एखादी खूण. सांचीच्या तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा केवळ धंद्यानेच उल्लेख आहे. एवढ्याशा खुणेवर ती माणसे दोन हजार वर्षे टिकली.

आता समजा, कोणी १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीवर कादंबरी लिहू पाहतो. बाबासाहेब येथून राखीव जागेसाठी उभे राहिले व पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. हे इतिहासात आहेच. कादंबरी मात्र सभेसाठी बैलगाडी जुंपणाऱ्याची, तेंदूपत्ता कापता कापता मतांचा हिशेब करणाऱ्या बाईची, मालकाच्या धाकाने गप्प राहिलेल्या सालदाराची व्हावी. बाबासाहेबांना सभेच्या व्यासपीठावरच राहू द्यावे. त्यांच्या तोंडी कल्पित संवाद घालण्याचा मोह आम्ही तरी मान्य करणार नाही.

अशा लेखकाने शाळेसारखा हजेरीपट आखावा. डावीकडे माणूस, पुढे वय, गाव, नाते, काम. वर प्रकरणांचे रकाने. १९५४ साली सात वर्षांची असलेली मुलगी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला नऊ वर्षांची असली पाहिजे. सुमन, सुमित्रा, सुमती एकाच घरात नकोत. आपल्या गावांत तसे सर्रास आढळते, पण वाचकावर दया करावी. फार दिवसांनी परतणाऱ्या पात्राबरोबर त्याची खूणही परत आणावी: गाडीवानाचा खोकला, सालदाराची फाटकी छत्री.

रकान्यांत सलग गैरहजेरी दिसली, तर दोनच प्रश्न विचारावेत. हे माणूस काढल्यास काय अडते? काही अडत नसेल, तर त्याचे काम दुसऱ्यास देता येईल काय? बैलगाडीवाला आणि पत्रके वाटणारा हे एकच होऊ शकतात. सालदार मात्र काढू नये. तो मतदानाच्या दिवशी कोठे होता, हे त्या बाईला अजून विचारायचे आहे.