रीफ टँकमध्ये समुद्रघोडा?

प्रश्न : माझ्या रीफ टँकमध्ये क्लाउनफिश, टँग आणि प्रवाळ आहेत. त्यात समुद्रघोड्यांची जोडी सोडू का?

उत्तर : अजिबात नको. समुद्रघोड्याला जठर नसतं, त्यामुळे त्याला दिवसातून दोन-तीनदा खायला लागतं. समोर आलेली मायसिस कोळंबी तो आधी एकेक डोळा फिरवून निरखतो, मग नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. तोवर टँगने सगळं फस्त केलेलं असतं. शेपटीने तो मिळेल त्याला विळखा घालतो. ते हॅमर कोरल निघालं तर त्वचा भाजते. रीफच्या ऊबदार पाण्यात जिवाणूंचे आजारही बळावतात; समुद्रघोड्याला 22 ते 24 अंश सेल्सिअस मानवतात.

तुम्ही भारतात असाल, तर वेगळ्या टाकीचाही विचार सोडा. 2001 पासून समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार ‘टाकीतच जन्मलेला आहे’ म्हणाला, तरी घेऊ नका.