निवळ पाणी आणि निर्मळ पाणी

वारकरी बंधुभगिनींनो, पौष वद्य एकादशीस श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेला घोटी-इगतपुरीकडून दिंड्या त्र्यंबकेश्वरी निघतात. वाटेत झरा लागला की आपण ओंजळ लावतो. पाणी कसे, गार आणि काचेसारखे निवळ! पण निवळ पाणी निराळे आणि निर्मळ पाणी निराळे. तो भेद आज समजून घेऊ.

गोदामाई ब्रह्मगिरीवर उगम पावते. दारणा इगतपुरी तालुक्याच्या डोंगरांत निघून पुढे तिलाच मिळते. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांत मुरते आणि झऱ्यांवाटे बाहेर येते. वाळूतून पाणी गाळले जाते, तसे ते भेगांतून गाळले जात नाही. म्हणून वरच्या माळावर कोणी बहिर्दिशेस बसले, तर ती घाण पावसासरशी खालच्या झऱ्यात उतरते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हगवण आणि कावीळ मात्र घरोघर दिसते. आणि माळावर बसणारे परके कोण? पुष्कळदा आपल्याच दिंडीतले!

मग ओळखावे कसे? त्यासाठी एचटूएस नावाची लहान बाटली मिळते. हात धुवावेत, बाटलीच्या तोंडास आतून बोट लावू नये. खुणेपर्यंत पाणी भरून बूच घट्ट लावावे व बाटली उबदार जागी ठेवावी. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेची घाण मिसळल्याची शंका धरावी. ते पाणी उकळल्यावाचून पिऊ नये. काळे पडले नाही, तरी एका तपासणीवर निर्धास्त राहू नये.

कारण इथेही वारीचाच न्याय आहे. एकदा पंढरीस जाऊन आला म्हणून कोणी वारकरी होत नाही; नेम लागतो. तीच जागा, तीच वेळ, दर एकादशीस एक बाटली, आणि वहीत तिथी व निकाल. वर्षभरात वहीच सांगेल, पाणी केव्हा बिघडते ते. बाटली काळी पडली की ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास दाखवावी, पाणी प्रयोगशाळेत पाठवायला लावावे आणि चार जणांनी झऱ्याच्या वर चढून कारण शोधावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. आपल्या गावात अशा भगिनी असतील, तर भजनी मंडळाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

कोणी म्हणेल, तीर्थाची परीक्षा पाहणे हा अविश्वास झाला. आम्ही विचारतो, आई अंथरुणाला खिळली तर तिची नाडी पाहणे हा अविश्वास का? नाडी पाहायची ती औषध करण्यासाठी. नदी आपल्याला आई आहे ना? मग तिला नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. येत्या एकादशीस टाळांबरोबर एक बाटली आणि एक वही घ्या.

रामकृष्ण हरि!