घरात चार मांजरं, आजारी एकच: कारण शोधण्याची कृती

एक मांजर दर पंधरा-वीस दिवसांनी मलूल होतं, ओकतं, खाणं सोडतं. दवाखान्यात नेलं की इंजेक्शन मिळतं, मांजर उभं राहतं आणि महिना भरायच्या आत पुन्हा तेच. घरात तीन-चार मांजरं असली की गुंता वाढतो. ट्रेमधली पातळ शी कोणाची, ताटलीत अन्न कोणी टाकलं, पलंगाखाली कोण ओकलं, यातलं काहीच खात्रीनं सांगता येत नाही. डॉक्टरांच्या हाती अर्धवट माहिती पडते आणि आजार ‘काही कळत नाही’ या सदरात जाऊन बसतो. म्हणून औषध बदलण्याआधी माहिती गोळा करायची.

लागणारं साहित्य

वही-पेन, किराणा मोजायचा डिजिटल काटा आणि एक टोपली, स्वतंत्र खोली, जादा वाळूचा ट्रे, घट्ट झाकणाची स्वच्छ डबी, डिजिटल थर्मामीटर, मांजर न्यायचा पिंजरा.

१. आधी तातडी ओळखा

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, जोर करतो, कण्हतो आणि लघवी थेंबभरही होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. असा बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. तोंड उघडून धापा टाकणं, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडणं, झटके येणं, पूर्ण दिवस काहीच न खाणं, यांपैकी काही दिसलं तरी बाकीची कृती बाजूला ठेवून दवाखाना गाठा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो.

तापाचा अंदाज माणसावरून बांधू नका. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आणि घरातली पॅरासिटामॉल चतकोर तुकडाही देऊ नका. मांजराचं शरीर ती पचवू शकत नाही, तेवढ्यानंही जीव जाऊ शकतो.

२. आजारी मांजर वेगळं ठेवा

किमान आठवडाभर. त्याची ताटली, पाणी, ट्रे, अंथरूण सगळं वेगळं. खोली टिनाच्या छपराखालची नको. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अशा खोलीत धडधाकट मांजरही आजारी पडेल. खाऊ-पाणी आधी निरोगी मांजरांचं, आजाऱ्याचं शेवटी, मग साबणानं हात धुवा.

एकटं ठेवल्यावर मांजर खाणंच सोडत असेल तर दुसरी युक्ती आहे. बिनविषारी मेणखडू बारीक किसून चिमूटभर कीस फक्त त्याच्या खाऊत मिसळा. एक-दोन दिवसांत शीमध्ये रंगीत कण दिसतात आणि सामाईक ट्रेमधली शी कोणाची हा वाद मिटतो. दुसऱ्यावर संशय असेल तर त्याला वेगळा रंग.

३. रोज चार ओळी लिहा

नोंद अशी असावी: ‘मंगळवार. सकाळी अर्धी वाटी खाल्लं. दुपारी दोनला ओकली, पिवळा फेस, अन्न नाही. लघवी दोनदा, शी एकदा, मऊ. झोपेत श्वास मिनिटाला २४.’ श्वास मोजताना छाती वर जाऊन खाली आली की एक. झोपेतला आकडा सतत ३० च्या वर राहिला तर डॉक्टरांना लगेच सांगा.

वजन आठवड्यातून एकदा, सगळ्याच मांजरांचं. टोपली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, मग मांजर बसवा. चार किलोच्या मांजराचं वजन ४०० ग्रॅमनं उतरलं म्हणजे दहावा हिस्सा गेला. केसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही. ओकारीचा, लंगडण्याचा, खोकल्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात टेबलावर बसलं की मांजर हमखास बरं दिसतं.

त्याच वहीत घरातल्या घडामोडीही लिहा: पाहुणे, फटाके, रंगकाम, नवं पिल्लू. शिंका आणि डोळ्यांतून पाणी वारंवार येत असेल तर हर्पिस विषाणूचा संशय घ्यावा. तो एकदा शिरला की बहुधा जन्मभर अंगात राहतो आणि ताण आल्यावर साधारण आठवड्याभरात डोकं वर काढतो. मांजरांच्या मूत्राशयाचा एक दाहही ताणानं उलटतो. महिन्या-दोन महिन्यांची वही समोर ठेवली की असा मेळ दिसायला लागतो.

४. घर आणि आवार तपासा

दूध: मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही. दूध-पोळी दोन आठवडे पूर्ण बंद करून बघा.

कूलर: डासांसाठी टाकीत रॉकेल टाकायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि मांजर नेमकं तेच पाणी चाटतं.

फिनाईल: ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं. फिनॉल असलेली औषधं त्याला विषारी आहेत.

शेत आणि कोठी: कपाशीची फवारणी, औषध लावलेलं बियाणं, उंदराचं औषध, ते खाऊन मेलेला उंदीर. फवारणीच्या दिवसांतच मांजर आजारी पडतं का, ते वहीत बघा.

गोचीड-पिसवांचं औषध: कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला कधीही लावू नका.

पाल: पाली खाणाऱ्या मांजराच्या पित्तनलिकेत कृमी होऊ शकतात. नेहमीच्या जंताच्या गोळीनं ते जातीलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कच्ची कोंबडी: दुकानातली आतडी-कातडी कच्ची घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं दगावले, आणि पाठोपाठ शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांमध्येही तो सापडला.

५. दवाखान्यात जाताना

सकाळची ताजी शी डबीत घ्या, वही आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत घ्या. मग नेमकं विचारा: शीची तपासणी झाली का? रक्ताच्या काचपट्टीवर पिसवांमार्फत पसरणारे रक्तजंतू बघता येतील का? ल्युकेमिया आणि एफआयव्ही या विषाणूंची चाचणी करायची का? लघवी, सोनोग्राफी? तरुण मांजराला अँटिबायोटिकनं न हटणारा ताप असेल, पोट फुगत असेल तर एफआयपीचं नाव घ्या. बऱ्याच मांजरांच्या घरात फिरणाऱ्या कोरोना विषाणूतून तो उद्भवतो. पूर्वी त्यावर इलाजच नव्हता, आता विषाणूरोधक औषधांनी बरीच मांजरं वाचतात.

वर्ध्यात सोय नसेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. १९५८ पासूनची ही संस्था वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, आणि उन्हाळ्यात पहाटेची गाडी धरा.

६. उपचार घरादाराचा

जंताचं आणि पिसवांचं औषध सगळ्या मांजरांना एकाच दिवशी द्या. एकाला दिलं आणि तिघांना सोडलं तर तो पैसा पाण्यात गेला. गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच तोडू नका. एका वेळी एकच बदल करा. खाऊ, औषध, वाळू एकदम बदललं तर गुण कशानं आला ते कळणार नाही.

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवेत, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. ते आधी साबणानं धुवा, मग एका भागाला बत्तीस भाग पाणी घातलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि साध्या साबणानं मरत नाही. ब्लीच आणि फिनाईल कधीही एकत्र करू नका.

७. पुन्हा एकत्र आणताना

शिंका-जुलाब थांबले, वजन टिकलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की दोन-तीन दिवस अंथरुणांची अदलाबदल करा, म्हणजे वास ओळखीचा होईल. मग नजरेसमोर थोडा वेळ भेट. गुरगुर वाढली तर दार लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

एवढं करूनही प्रत्येक वेळी आजाराचं नाव सापडेलच असं नाही. पण कोणतं मांजर, कधी आणि कशानंतर आजारी पडतं, एवढं कळलं तरी आजाराच्या फेऱ्या कमी करता येतात. तोवर दोन पथ्यं कटाक्षानं पाळा: सगळ्यांचं लसीकरण पूर्ण करा, आणि आजारी मांजर सलग दोन महिने ठणठणीत राहिल्याशिवाय रस्त्यावरचं कितीही गोड पिल्लू घरात घेऊ नका.